एकेचाळीस नंबरची कॉफी

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली, पुन्हा वाजली, आणि तिसऱ्यांदा वाजवणाऱ्यानं बटणावरून बोट उचललंच नाही. धाकटीनं दार उघडलं तर मामा. हातात कागदी पिशवी, अंगाला नेहमीचा करपल्या साखरेचा वास, आणि चेहऱ्यावर भांडण जिंकून परत निघाल्यासारखा भाव. भांडण अजून सुरू व्हायचं होतं.

"चार महिने झाले," तो आत शिरत म्हणाला. "आता तरी ती वही काढ."

"बस म्हटलं नाहीये मी अजून."

"माझ्या बहिणीच्या घरात तू मला बस म्हणणार?" असं म्हणत तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलासुद्धा, आणि बसला तो नेमका आईच्या खुर्चीवर.

धाकटी अडतीस वर्षांची होती, पण मोठी बहीण होती म्हणून ती जन्मभराची धाकटी. ताई दूर देशी संसाराला लागली आणि आईच्या शेवटच्या आजारपणात धाकटी आपलं भाड्याचं घर सोडून इथं येऊन राहिली. काम ती कुठूनही करू शकत होती. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका दिवसभर शोधायच्या आणि समासात लाल खुणा करायच्या.

आई मात्र वेगळ्याच मुलखातली. एका कॉफी व्यापाऱ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं ती चव घ्यायच्या कामाला होती. मालाचे नमुने यायचे, ते भाजून, भरड दळून ओळीनं मांडलेल्या कपांत भिजवायचे, आणि आई चमच्यानं असा भुरका मारायची की शेजारच्या खोलीतले लोक दचकावेत. तोंडात फिरवायचं, थुंकायचं, आणि शंभरपैकी गुण द्यायचे. ऐंशीच्या वर गेली ती चांगली कॉफी. नव्वद तिनं आयुष्यात चारदा दिले आणि त्या चारही तारखा तिला पाठ होत्या. मुलींच्या वाढदिवसांबद्दल तेवढं छातीठोकपणे सांगता आलं नसतं. ऑफिसात तिला कुणी नावानं ओळखत नसे. 'जीभ आली का?' 'जिभेनं काय दिलं?' एवढंच चालायचं.

आणि त्या जिभेच्या सख्ख्या भावाचं कॉफी भाजायचं दुकान. मामा कॉफी गडद भाजायचा, त्याची गिऱ्हाइकं तीच मागायची, आणि आई त्याच्या कॉफीला तोंड लावायची नाही. "याच्या कॉफीत आणि विझलेल्या शेकोटीत फरक एवढाच," ती सगळ्यांदेखत म्हणायची, "की शेकोटीजवळ निदान हात शेकता येतात." मामा म्हणायचा, "आणि हिला आवडते ती कॉफी म्हणजे लिंबू पिळलेलं गरम पाणी." तीस वर्षं हे असंच चाललं होतं. यात गंमत किती आणि विष किती हे घरात कुणीच मोजायला गेलं नव्हतं.

मामानं पिशवीतून आपल्या कॉफीची तीन पाकिटं काढून टेबलावर ठेवली आणि त्यांच्याशेजारी एक छापील कागद पसरला. नव्या पाकिटाचा नमुना होता तो. मधोमध आईचं पूर्ण नाव, खाली 'जिभेची शेवटची पसंती', आणि त्याखाली बोटभर उंचीचे आकडे: ८८.

"पुढच्या सोमवारी छापायला जातंय. पण धंद्यातले लोक म्हणतात, तिनं तुला अठ्ठ्याऐंशी दिले? थापा मारू नकोस. मला तिच्या अक्षरातलं ते पान हवंय."

"मिळणार नाही."

"का?"

"कारण आईनं हे कधीच मान्य केलं नसतं."

"केलं ना पण! लिहून दिलंय. तू बसली होतीस समोर."

ती बसली होती हे खरंच होतं. आजारी पडल्यावरही आईचा नेम सुटला नव्हता. जुन्या ऑफिसातून छोटी पाकिटं यायची, वर फक्त नंबर. रोज सकाळी आठला धाकटीनं एक कॉफी करायची. अठरा ग्रॅम बिया हाताच्या चक्कीत दळायच्या, कागदाच्या गाळणीत घालायच्या, वर बारीक चोचीच्या किटलीतून थोडं पाणी सोडायचं. कॉफी फुगून वर आली की अर्धा मिनिट थांबायचं आणि मग उरलेलं पाणी गोल गोल, घाई न करता. वहीत डाव्या पानावर वजन, पाणी, वेळ हे धाकटीच्या अक्षरात. उजव्या पानावर आईच्या अक्षरात चव आणि गुण. मामानं ऑफिसातल्या पाकिटं भरणाऱ्या बाईंना गाठून आपली एक कॉफी त्या नंबरांत घुसवली. एकेचाळीस नंबर. आईनं तिला अठ्ठ्याऐंशी दिले. आठवड्यानं मामा आला आणि टाळ्या पिटत म्हणाला, ती माझी होती! आई बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग तिनं धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "लिहिलंय ते लिहिलंय." चवीच्या टेबलावरचा तो नियमच होता. एकदा गुण लिहिले की खाडाखोड नाही.

"तेव्हा ती आजारी होती," धाकटी म्हणाली. "काहीतरी चुकलं असेल. मीच चुकीची केली असेन. दळण, पाणी, काहीही."

मामा हसला. "तू? तू चुकलीस तर ते तुला कळणार कसं? तुला स्वतःची चव आहे का? लहानपणापासून बघतोय. आई 'जर्दाळू' म्हणाली की तुला जर्दाळू लागायचं. आई 'करपट' म्हणाली की तू थू थू करायचीस. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लाल खुणा करतेस, स्वतःचं एक वाक्य तरी लिहिलंयस का? जन्मभर आईची री ओढलीस, आता ती नाही तर तुझा आवाजच बंद."

"झालं बोलून?"

"पुढच्या रविवारी येतो. वही काढून ठेव." दारात तो वळला. "ही पाकिटं ठेवून जातोय, तीच एकेचाळीस नंबरची कॉफी आहे. पिऊन बघ. नाहीतर राहू दे, सांगायला आई नाहीये, तुला काय कळणार."

दार तिनं त्याच्या पाठीवरच आपटलं.

*

ताईला फोन केला तर ती म्हणाली, "देऊन टाक की. नाव छापलं म्हणून आईचं काय झिजणारेय?"

"खोटं आहे ते."

"अगं, तिनं लिहिलंय म्हणतेस ना तूच? मग खोटं कसं? आणि खरं सांगू, कॉफी ती कॉफी. तुम्ही तिघांनी तिच्यापायी माझं सगळं लहानपण कडू केलंत." मागे तिची मुलं ओरडत होती. तिनं फोन ठेवून दिला.

मग धाकटीनं ठरवलं, एकेचाळीस नंबर वाईट आहे हे आपणच सिद्ध करायचं. मुद्रितशोधकाचा हट्टच तो. चूक आहे म्हटल्यावर ती सापडलीच पाहिजे. सोमवारी सकाळी तिनं आईच्या पद्धतीनं तीन सारखे पांढरे कप मांडले. एकात आईची वीस वर्षांची लाडकी कॉफी, हलकी भाजलेली, आंबटसर. दुसऱ्यात कपाटातली एक बरी कॉफी. तिसऱ्यात मामाची. तिन्ही कपांच्या बुडाला चिकटपट्टीवर खूण केली, उकळतं पाणी ओतलं, चार मिनिटांनी वर धरलेली भरडीची साय चमच्यानं मोडली, आणि डोळे मिटून कप इतके इकडचे तिकडे केले की कुठला कुठला ते तिचं तिलाच कळेना.

मग भुरका मारला. पहिला कप जिभेच्या कडांना चावला. दुसरा ना धड इकडचा ना तिकडचा. तिसरा जड होता आणि गोड. घोट गेल्यावरही तो तोंडात रेंगाळला, भाजलेल्या बदामासारखा. तिनं नकळत दुसरा चमचा घेतला आणि मग कप उचलून खालची खूण पाहिली.

मामा.

"हात् तेरी," ती रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली.

मंगळवारी पुन्हा केलं. कॉफी जास्त वेळ भिजवली, दळण बारीक केलं, म्हणजे मामाच्या कॉफीचा कडवटपणा वर यावा. या वेळी मामा तिसऱ्या नाही, पहिल्या कपात निघाला, पण आवडला तोच कप. बुधवारी ती जिद्दीनं नाक दाबून घोट घेत होती. सगळे कप गरम पाण्यासारखे लागले. नाक सोडल्याबरोबर बदाम परत आला आणि तिला मामाचं हसू दिसलं.

ती भयंकर चिडली. मामावर नाही, स्वतःवर. त्याचंच खरं झालं की. आईनं अठ्ठ्याऐंशी दिले म्हणूनच ही आपल्याला आवडतेय. आई समोर नाही, डोळे मिटलेत, खुणा कपांच्या बुडाला, तरीसुद्धा आपण तिचीच री ओढतोय. असली कसली जीभ. तिनं आईचा लाडका कप पुन्हा तोंडाला लावला, वीस वर्षं ज्याला ती 'उत्तम' म्हणत आली होती तो. दात आंबले. तिनं तो पुरता संपवला, औषध संपवावं तसा.

*

शुक्रवारी संध्याकाळी किटलीचा दर आठवड्याचा उपचार असायचा. इथल्या पाण्यानं किटलीला आतून पांढरा थर धरायचा. त्यावर लिंबाच्या सत्त्वाची पावडर, दोन मोठे चमचे, पाण्यात घालून रात्रभर ठेवायची आणि शनिवारी सकाळी ओतून किटली दोनदा धुवायची. आईनं घालून दिलेला नियम. या शनिवारी धाकटीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मामाला उद्या काय सांगायचं याचीच ती मनात जुळवाजुळव करत होती. तिनं किटलीचं बटण दाबलं, कॉफी दळली, पाणी सोडलं, कप भरला आणि घोट घेतला.

तो तिनं बेसिनमध्ये थुंकला. तोंड असं आकसलं की कानांच्या मागे कळ गेली. कॉफीचा मागमूस नाही, नुसतं आम्ल. किटलीचं झाकण उघडून बघायचीही गरज नव्हती.

आणि नळाखाली चूळ भरता भरता तिला आठवलं, हे एकदा आधीही झालं होतं.

गेल्या वर्षी. त्याही शनिवारी तिनं किटली धुतली नव्हती. प्रकाशनातून फोन आला होता, लागेल तेवढी सुट्टी घे, जागा तुझीच आहे म्हणून, आणि ती फोन कानाखांद्यात धरून हसत हसत कॉफी करत होती. आईपुढे कप ठेवला. आई म्हणाली, तू आधी घे. धाकटीनं हातानंच 'तू घे, तू घे' अशी खूण केली आणि हसत बोलत राहिली. फोन संपल्यावर तिनं स्वतःसाठी नुसतं गरम पाणी घेतलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती धावत आली तर आईचा कप रिकामा.

"कशी होती?" तिनं घाबरत विचारलं होतं.

"वहीत आहे," आई म्हणाली होती.

वहीत वाईट काही नव्हतं. बरीचशी पावडर तळाशीच राहिली असणार असं म्हणून तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि ते ती विसरून गेली.

आता ओल्या हातांनी तिनं वही काढली. ती तारीख सापडायला वेळ लागला नाही. उजव्या पानावर आईचं तिरकं, ठाम अक्षर. 'मधाळ. स्वच्छ. शेवटपर्यंत गोडवा. ८७.'

ती उभ्याउभ्या ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि वर्षभराची पानं, मुद्रितं वाचावीत तशी, एक ओळही न सोडता वाचायला लागली. हा चौऱ्याहत्तर. आईच्या लाडक्या कॉफीला, जिला तिनं वीस वर्षं शहाऐंशीच्या खाली आणलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी धाकटीचं ताईशी फोनवर कडाक्याचं वाजलं होतं आणि ती रडवेल्या तोंडानं टेबलाशी बसली होती. हा एकोणऐंशी. त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी धाकटीला बाजूला बोलावून घेतलं होतं. आणि एकेचाळीस नंबर, अठ्ठ्याऐंशी. त्या दिवशी काय झालं होतं? काहीच नाही. साधा मंगळवार. आई म्हणाली, तू आधी घे, मला गरम सोसत नाही. तिनं घोट घेतला आणि... बस, तिला ती कॉफी आवडली होती.

तू आधी घे. वर्षभर रोज. आणि हीच बाई मुलींना लहानपणापासून बजावत आली होती, की चवीच्या टेबलावर सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. 'तोंड दगडाचं ठेव! तुझं तोंड वाचून शेजारचा गुण देईल.' धाकटीला दगडाचं तोंड कधीच जमलं नाही. आई वैतागायची. "हिच्या चेहऱ्यावर सगळं मोठ्या टाइपात छापलेलं असतं," म्हणायची.

औषधांच्या खोक्यातला कागद अजून खणात होता. 'चव व वास मंदावणे किंवा जाणे.' तो तिनं त्याच वेळी वाचला होता. आईला विचारलंही होतं. आई तिच्याकडे न बघता म्हणाली होती, "ते इतरांना होतं."

तिला वाटलं होतं रडू येईल. आला तो राग. वर्षभर समोर बसून खोटं बोललीस. मी रोज सकाळी उठून पाण्याचं तापमान बघत होते, कुणासाठी? तिनं आईच्या खुर्चीला पायानं ढकललं. खुर्ची भिंतीवर जाऊन आपटली आणि तशीच वाकडी राहिली. का केलंस हे, ते सांगायला खुर्चीवर आता कुणी बसणार नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं, की मामाचं म्हणणं नेमकं उलटं होतं. आईची री ती ओढत नव्हती. निदान या एका वर्षात तरी नाही.

*

रविवारी दहाला बेल एकदाच वाजली. मामा नवे बूट घालून आला होता.

"काढलीस वही?"

"काढली. आधी कॉफी घे."

तो चपापला. या घरात त्याला तिनं आपणहून कधी कॉफी विचारली नव्हती. टेबलाशी बसून तो तिचे हात बघत राहिला, आणि न राहवून बोललाच, "पाणी फार वरून सोडतेयस."

"गप्प बस."

तिनं कप पुढे ठेवला. मामानं सवयीनं आधी नाक नेलं, भुवया जवळ आणल्या, आणि मोठा भुरका मारला.

दुसऱ्या क्षणी तो बेसिनवर ओणवा होता. थुंकला, खोकला, नळ पुरता सोडून चुळा भरत राहिला. नव्या बुटांवर पाणी उडालं. "विष घालतेस काय गं मला! काय आहे हे?"

"किटली साफ करायची पावडर. पोटात गेली तरी काही होत नाही."

"वेड लागलंय तुला?"

तिनं वही उघडून त्याच्यासमोर सरकवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "गेल्या वर्षी मी चुकून हीच कॉफी आईला दिली. एवढीच पावडर घातलेली. तिनं कप संपवला. वाच, काय लिहिलंय."

मामानं वाचलं. तोंड पुसायला काढलेला रुमाल हातातच राहिला. त्याचं काम असं होतं की त्याला फोड करून सांगावी लागणार नव्हती.

"मधाळ," तो शेवटी म्हणाला.

"तिला काही लागत नव्हतं. वर्षभर. ती माझं तोंड बघून गुण देत होती."

"खोटं."

"बाकीची पानं आहेत. बघ."

त्यानं बाकीची पानं वाचली नाहीत. एकेचाळीस नंबरचं पान मात्र त्याला न शोधता सापडलं. तिथं तो अडकून राहिला. "तुला कधी कळलं?"

"काल."

"आणि आज लगेच माझ्या तोंडात घातलंस."

"हो."

"आईचीच मुलगी." हे काही त्यानं कौतुकानं म्हटलं नव्हतं. त्यानं नमुन्याचा कागद खिशातून काढला, टेबलावर सपाट केला, त्यावरच्या नावाकडे पाहिलं आणि कागदाच्या घड्या घालायला लागला. एक, दोन, तीन, आणखी घडी पडेना तेव्हा मुठीत दाबून धरला. "म्हणजे ती शेवटपर्यंत मला कोळसाच म्हणत गेली."

"शेवटी काहीच म्हणत नव्हती ती. तिला कळतच नव्हतं."

"त्यानं मला बरं वाटावं?"

"मी तुला बरं वाटावं म्हणून काही करतेय, असं तुला का वाटलं?"

मामानं मुठीतला कागद खिशात कोंबला. मग ती म्हणाली, "आणि हे बाहेर कुठं बोललास तर बघ."

त्यावर मात्र तो उसळला. "माझ्या बहिणीची जीभ मेली होती, हे मी धंद्यातल्या लोकांना सांगत फिरेन? काय समजतेस मला तू? तुझ्याआधी वीस वर्षं ओळखत होतो मी तिला!" तो उठला, दारापर्यंत गेला आणि कडीला हात घालून थांबला. पाठमोराच म्हणाला, "मग अठ्ठ्याऐंशी दिले कुणी?"

"मी."

"तुझ्या जिभेला कोण विचारतंय?"

"कुणी नाही."

"आज देशील तेवढेच? माझ्यादेखत? आई नाही, कुणी नाही."

"बस खाली," धाकटी म्हणाली.

तिनं किटली दोनदा धुतली. तिसऱ्यांदाही धुतली. मामाच्या पाकिटांतलं सोमवारी फोडलेलं पाकीट घेतलं, अठरा ग्रॅम मोजले, दळले. पाणी ओतल्यावर कॉफी फुगून वर आली. मामा पुढे झुकला, काहीतरी बोलणार होता, पण त्यानं ओठ मिटून घेतले. कप भरला तेव्हा तिनं आपली खुर्ची उचलून खिडकीकडे वळवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"हे काय?"

"माझं तोंड वाचायचं नाही."

तिनं गरम असताना एक घोट घेतला. मग थांबली. कोमट झाल्यावर दुसरा घेतला. मागे मामाची बोटं टेबलावर वाजत होती. तिनं एकदा "हात" एवढंच म्हटलं तेव्हा ती थांबली. जड, गोड, बदाम होता. पण अगदी शेवटी, बदामाच्या मागून, एक बारीक करपट धागा येत होता. गेल्या वर्षीही तो असणारच. तेव्हा समोर आई बसली होती आणि धाकटीला तो लागला नव्हता, की लागूनही तिनं तो चेहऱ्यावर येऊ दिला नव्हता, हे आता कशावरून ठरवायचं.

तिनं वही घेतली. आईच्या शेवटच्या नोंदीखाली, उजव्या पानावर, तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि वही मागे न बघता टेबलावर सरकवली.

मामानं वाचलं. "चौऱ्याऐंशी?"

"शेवटी वीसेक सेकंद जास्त भाजतोस तू."

"तीस वर्षं तेवढीच भाजतोय!"

"मग तीस वर्षं जास्त भाजतोयस."

"चार गुण कुठं गेले?"

तिनं पेनचं टोपण लावलं.

"अगं, त्या पावडरीला सत्त्याऐंशी," मामाचा आवाज चढला, "संडास धुवायच्या पावडरीला सत्त्याऐंशी, आणि मला चौऱ्याऐंशी? सत्त्याऐंशी तरी कर! नाहीतर अठ्ठ्याऐंशीच कर की, तूच दिले होतेस ना!"

"किटली धुवायची पावडर आहे. आणि लिहिलंय ते लिहिलंय."

त्यानं तिचा उरलेला कप ओढला, उभ्यानं एक घोट घेतला, जीभ टाळूवर फिरवली. शेवटच्या त्या धाग्यापाशी तो थबकला हे तिला त्याच्या श्वासावरून कळलं. त्यानं कप खाली आपटला. "तुम्ही मायलेकींनी माझा धंदा बसवायचा ठरवलाय," असं म्हणत त्यानं टेबलावरची दोन पाकिटं पिशवीत कोंबली आणि तो निघून गेला. दार या वेळी त्यानं आपटलं.

फोडलेलं पाकीट मागे राहिलं होतं. विसरलं की ठेवलं, ते विचारायला ती त्याच्यामागे गेली नाही.

कपात दोन घोट उरले होते. पार गार झालेले. तिनं ते प्यायले, तर गार झाल्यावर कॉफी आणखी बरी लागली. गोडवा पुढे आला होता आणि करपट धागा जवळजवळ नाहीसा. तिनं पेनचं टोपण काढलं, वहीतल्या आकड्याकडे पाहिलं.

मग टोपण परत लावलं आणि आईची खुर्ची भिंतीपासून ओढून सरळ केली.